बैठक मोडायच्या आत

मृत्युपत्र लिहून देणार: श्रीमती सिद्धम्मा भ्र. भीमाशंकर कपिकेरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेवयांचा, राहणार उदगीर, जिल्हा लातूर.

वर नाव लिहिलेली मी असे लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर आनंदराज ढवळे यांनी आज सकाळी मला तपासले. त्यांनी आज वार कोणता विचारला, तो मी सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याची पाटी एका बाजूला कलली आहे हेही सांगितले. कोणी मला धाक दाखवलेला नाही. लाडीगोडी मात्र धाकट्या मुलाने फोनवरून लावायचा प्रयत्न केला, पण मध्येच लाइन तुटली. हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्यामुळे आधीचे रद्द करण्याचा प्रश्न नाही.

वकीलबाई ऋतुजा हे टाइप करून राहिल्या आहेत. मृत्युपत्र मोजके असावे असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, मेल्यावर मला कोणी बोलू देणार नाही, तेव्हा आताच जे आहे ते घ्या लिहून. त्या हसल्या आणि चहा मागवला.

कलम १. माझी माणसे.

माझे पती भीमाशंकर यांची उदगिरात पिठाची गिरणी होती. ते जाऊन बरीच वर्षे झाली. मोठा मुलगा अमरेश लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेला. त्याच्याविषयी इथे जास्त सांगत नाही, कारण सांगायला लागले की वकीलबाईंची बोटे थांबतात आणि माझा आवाजही. धाकटा मृत्युंजय पुण्यात नोकरीला आहे, त्याचे उत्तम चालले आहे. अमरेशची बायको सुकन्या माझ्याजवळ असते. तिचे माहेर देगलूर. तिला मूलबाळ नाही. आम्ही दोघी बिदर रोडवरच्या शेवयांच्या कारखान्यामागे दोन खोल्यांत राहतो. कारखाना माझ्या नावावर आणि माझ्या कमाईचा आहे, पण गेली काही वर्षे तो तीच चालवते. मी सोजी चांगली भिजली की नाही ते बघते आणि कामावरच्या बायकांना रागावते.

कलम २. आजच का.

वकीलबाईंनी मला कायदा समजावला तो असा. बाई काही न लिहिता गेली, तर तिचे सगळे तिच्या मुलांना जाते. गेलेल्या मुलाला मुले असली तर त्यांनाही जाते. पण गेलेल्या मुलाच्या बायकोला तिथे जागा नाही. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच सांगितले. म्हणजे मी रात्री झोपले आणि सकाळी उठलेच नाही, तर सुकन्याला त्या दोन खोल्यांत राहायचासुद्धा हक्क उरत नाही.

आणि दुसरी गोष्ट. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने तिला सुपरवायझर म्हणून बोलावले आहे. पगार चांगला, वर राहायला खोली. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे. तिने हे माझ्यापासून लपवले नाही. शेवया काठ्यांवर वाळत घालता घालता सांगितले आणि पुढची काठी उचलली. ती जावी की राहावी हे तिचे तिने ठरवावे, पण रिकाम्या हातांनी ठरवायची पाळी तिच्यावर येऊ नये, म्हणून मी आज इथे आले. ती गेली तर मला अजिबात करमणार नाही. हे वाक्य कायद्यात बसत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. तरी राहू द्या म्हटले.

कलम ३. माझा देह.

आम्हा लिंगायतांत बसवून समाधी देतात. माझ्या गळ्यातले लिंग माझ्या हातात द्यावे आणि स्वामींना बोलवून रीतीप्रमाणे सगळे करावे. मला उभ्या आयुष्यात बसायला फुरसत मिळाली नाही, तेव्हा आता तरी नीट बसवावे. माझे गुडघे धरतात, मांडी घालताना जोर करू नये. प्रसादाला शेवयांची खीर करावी. तीत कारखान्यातला चुरा वापरू नये, लांब आणि बारीक शेवया वापराव्यात. जन्मभर चांगला माल गिऱ्हाइकाला दिला आणि घरात चुरा शिजवला. त्या दिवशी तरी माझ्या नावाने चांगले शिजावे.

कलम ४. घर आणि बँकेतले.

चौबाऱ्यामागचे जुने घर, सध्या भाड्याने दिलेले, आणि बँकेतल्या माझ्या नावच्या ठेवी मृत्युंजय यास देते. त्याच्या वडिलांची अंगठीही त्याचीच. ती त्याच्या बोटात जाणार नाही, पुण्याला गेल्यापासून तो अंगाने सुटला आहे. पण अंगठी मोडून दुसरी करू नये. डब्यात ठेवावी.

मृत्युंजय वाईट मुलगा नाही. त्याला प्रत्येक गोष्टीचा भाव माहीत असतो एवढेच. गेल्या महिन्यात त्याने सांगितले की कारखान्याची जागा रोडटच आहे, तिथे गाळे काढले तर आपण सगळे बसून खाऊ. मी विचारले, काय खाऊ? त्यावर त्याने विषय बदलला.

कलम ५. जाऊबाई पार्वतम्मा यांचा हंडा.

सासूबाईंचा तांब्याचा हंडा वाटणीत माझ्याकडे आला. तेव्हापासून जाऊबाईंनी एकही लग्न, एकही बारसे असे सोडले नाही की जिथे त्या हंड्याचा विषय निघाला नाही. सदर हंडा मी त्यांना देते. तो मी स्वतः चिंचेने घासून ठेवला आहे. हंडा मिळाल्यावर त्यांनी बोलायला दुसरा विषय शोधावा, एवढीच विनंती आहे.

कलम ६. शेजारी अण्णाराव यांची कबुतरे.

अण्णाराव यांनी कबुतरे पाळली आहेत. ती आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शेवयांवर उतरतात. यावरून आमचे कितीतरी वर्षांचे भांडण आहे. एकदा ते मला म्हणाले की पाखरांना काय कळते, आणि मी म्हटले की तुम्हाला तर कळते. मग दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले, ते त्यांच्या नातीच्या लग्नापर्यंत. तर मी असे जाहीर करते की, अण्णारावांना मी मनापासून क्षमा केली आहे. कबुतरांना केलेली नाही. गच्चीवरची लांब वेळूची काठी अण्णारावांना द्यावी, म्हणजे आमच्या बाजूला आलेली पाखरे त्यांनीच हाकलावीत.

कलम ७. नुसरत सेठ यांच्याशी असलेला व्यवहार.

या कलमावरून वकीलबाई आणि माझा थोडा वाद झाला. हे मृत्युपत्रात कशाला, असे त्यांना वाटत होते. पण माझा कारखाना ज्या पैशावर उभा राहिला तो पैसा कसा आला, हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

हाजी नुसरतुल्ला शेख हे नांदेडच्या इतवाऱ्यातले सुक्या मेव्याचे व्यापारी. मी त्यांना सेठ म्हणते, ते मला सिद्धाबाई म्हणतात. मालक गेल्यानंतर गिरणी चालेना, तेव्हा मी घरी शेवया करून विकत होते. सेठ कुणाच्या तरी लग्नाला उदगिरात आले होते. त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या माझ्या शेवया पाहिल्या, एक काडी मोडून उजेडात धरली आणि विचारले की रमजानसाठी एवढ्या बारीक शेवया पोतींनी मिळतील का. मी म्हटले, मिळतील, पण सोजी घ्यायलाच पैसे नाहीत. ते म्हणाले, मग आपण सलमचा सौदा करू.

मी ऐकले ते 'सलामचा सौदा'. उदगिरात सलाम कोणाला माहीत नाही? मला वाटले, यांच्यात सौदा ठरला की सलाम करायचा, झाला व्यवहार. सेठने शेवया किती बारीक, किती वजन, कोणत्या तारखेला, कुठे पोचवायच्या हे सगळे बोलून घेतले आणि नोटा मोजायला लागले. निम्म्या माझ्यापुढे ठेवल्या होत्या, निम्म्या त्यांच्या हातात होत्या. मी मनात म्हटले, आता सलाम आपणच आधी करावा. हात जोडून 'शरणू शरणार्थी' म्हटले आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर सेठ कपाळाला हात लावून बसलेले.

"बाई, पैसे पुरे व्हायच्या आत तुम्ही उठलात, नजरेआड झालात. बैठक मोडली. आता सगळं पहिल्यापासून."

त्यांनी माझ्यापुढच्या नोटा उचलल्या, खिशात घातल्या आणि शेवया किती बारीक इथपासून पुन्हा सुरुवात केली. मला वाटले माणूस डोक्याने थोडा हललेला आहे. पण त्यांच्या धर्मात सलमचा कायदाच तसा आहे. माल पुढे मिळणार असेल, तर त्याची किंमत आज, पुरी, आणि दोघे एकमेकांपासून उठून जायच्या आत हातात पडली पाहिजे. निम्मे आता, उरलेले माल आल्यावर, असे चालत नाही. चिठ्ठी चालत नाही. 'घरी जाऊन पाठवतो' तर मुळीच चालत नाही. बाकीचे व्यापारी मला 'बघू', 'देऊ', 'पुढच्या आठवड्यात या' असे म्हणायचे. या माणसाने मला सगळे पैसे माझ्या ओट्यावर दिले, तेही मी एक शेवई वळायच्या आधी. त्या पैशातून सोजी आली, पुढच्या सौद्यांतून मशीन आले, मग जागा घेतली. आमच्या घरात त्याला आजही सलामचा सौदा म्हणतात, आणि सेठने ते सुधारायचे कधीच सोडून दिले आहे.

दुसऱ्या वर्षी थोडा माल पावसात भिजला होता, त्याचे पैसे मी त्यांना परत द्यायचे होते. मी हुशारी केली. म्हटले, सेठ, तेवढे या सालच्या किमतीतून वजा करा, कशाला इकडून तिकडे. ते म्हणाले, मागची बाकी किंमत होऊ शकत नाही, किंमत आजची आणि रोख पाहिजे. मग मी पेटीतून पैसे काढून त्यांना दिले. त्यांनी ते मोजून घेतले, आणि त्याच नोटा इतर नोटांत घालून किंमत म्हणून मला परत दिल्या. दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंना हसून हसून ठसका लागला. हंड्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मग फोनवरून पैसे द्यायचे दिवस आले. सेठचा मुलगा त्यांना ते शिकवून राहिला होता. त्या दिवशी रेंजच गेली. फोनवर चक्र फिरते आहे, पैसे त्यांच्याकडेही नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. सेठ खाटेवरून उठायला तयार नाहीत, मला उठू देत नाहीत. सुकन्याने आम्हाला दोघांना जागेवर जेवायला वाढले. सेठची नमाजची वेळ झाली, तेव्हा तिने कोपरा झाडून धुतलेली चादर अंथरली आणि त्यांनी माझ्यासमोरच नमाज पढली. मी तेवढ्या वेळात माझी लिंगपूजा उरकून घेतली. चहाच्या वेळेला टिंग वाजले आणि मग आम्ही दोघे पाय मोकळे करायला बाहेर पडलो.

टाळेबंदीच्या साली माल तयार होता, पण नांदेडला गाडी जाईना. त्यांना दोनच रस्ते होते. दिलेले पैसे तेवढेच परत घ्यायचे, नाहीतर थांबायचे. ते थांबले. उशीर झाला म्हणून मी दोन पोती वर घाला म्हटले, तर त्यांनी ती उतरवून ठेवली. जास्त घेतले तर ते व्याज होईल, असे म्हणाले. या माणसाशी भांडायचे तरी कसे, हे मला आजपर्यंत कळलेले नाही.

कलम ८. चालू साली पोचवायचा माल.

या सालच्या शेवयांची पुरी किंमत सेठने दिवाळीनंतर दिलेली आहे. माल दहा फेब्रुवारीला त्यांच्या नांदेडच्या दुकानात पोचला पाहिजे. मी मध्ये गेले तरी तारीख बदलत नाही. सुतक धरून काम बंद ठेवू नये. माझ्या खिरीसाठी लागतील तेवढ्या शेवया वेगळ्या काढाव्यात, सेठच्या मालातून घेऊ नयेत.

कलम ९. कारखाना.

हे कलम मी आधी वेगळे सांगितले होते. 'बिदर रोडवरील जागा, त्यावरील शेड, दोन खोल्या, मशीन व इतर सामान माझ्या पश्चात माझी सून सुकन्या हिला मिळावे' असे मी सांगितले आणि वकीलबाईंनी ते टाइपही केले. मी समाधानाने पदराने चेहरा पुसला. सुकन्या बाहेर बाकावर बसली होती. ज्याला मिळणार त्याने आत बसू नये, असे वकीलबाईंनी सांगितले होते. आत सेठ आणि डॉक्टर साक्षीदार म्हणून बसले होते. सेठ त्यासाठी सकाळच्या एसटीने नांदेडहून आले आहेत.

सेठने वकीलबाईंना विचारले की हा कागद सिद्धाबाई उद्या बदलू शकतात का. वकीलबाई म्हणाल्या, जिवंत असेपर्यंत कितीही वेळा. मग सेठ माझ्याकडे वळले.

"सिद्धाबाई, सून आज राबून राहिली. तुम्ही तिला मेल्यानंतरचा वायदा देऊन राहिल्या, आन् तो बी फाडता येतो. तिनं राहून करायचं काम बी पुढं, तुमचं देणं बी पुढं. वायद्याच्या बदल्यात वायदा. आज संध्याकाळी तिनं त्या कंपनीला काय सांगावं?"

मला राग आला. मी म्हटले, हा बाजार नाही, घर आहे. ते म्हणाले, म्हणूनच बोललो, बाजारात असतो तर गप्प बसलो असतो. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

मग मी वकीलबाईंना विचारले, आत्ताच्या आत्ता द्यायचे असेल तर काय करतात. त्या म्हणाल्या, बक्षीसपत्र. एकदा नोंदले की झाले, मग मागे घेता येत नाही. आणि त्यांच्या धंद्याला शोभेल असे त्यांनी हेही सुचवले की त्यात एक अट घालू, सुनेने तुम्हाला मरेपर्यंत सांभाळावे. मी विचार केला. घातली असती तर मला रात्री शांत झोप लागली असती. पण निम्म्या नोटा समोर ठेवायच्या आणि निम्म्या मुठीत धरायच्या, हे मला सेठसमोर करवेना. मी म्हटले, अट नको. तिला आत बोलवा.

सुकन्या आली. सगळे ऐकून ती उभीच राहिली. तिचा चेहरा उतरला, मला वाटले होते तसा उजळला नाही.

"आत्याबाई, मला दया नको."

मी म्हटले, दया कसली, तू इतकी वर्षे राबलीस त्याची ही किंमत धर. तेवढ्यात सेठने बोट वर केले. मागची बाकी किंमत होऊ शकत नाही म्हणून. मी म्हटले, बरे, किंमत नव्हे, बक्षीस. झाले समाधान? पण सुकन्याला हसू आले नाही. तिला एकच विचारायचे होते.

"आन् मी लातूरला गेले तर?"

"तर कुलूप लावून जा. किल्ली तुझीच हाय."

तेव्हा ती बसली. आणि पदर तोंडाला लावून रडली, अमरेश गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिले नव्हते. मीही रडले. सेठ आणि डॉक्टर दोघेही चष्मे पुसत होते. वकीलबाई मात्र टाइप करत राहिल्या, कारण निबंधकाचे कार्यालय जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हायच्या आत पोचायचे होते.

कार्यालय समोरच आहे, रस्ता ओलांडला की आले. मला शंका आली की आता उठले तर बैठक मोडते की काय. सेठ म्हणाले, दोघी एकमेकींना न सोडता चालत गेलात तर कोसभर गेलात तरी बैठक चालूच. ही सलमची रीत, बक्षिसाला लागत नाही, हेही त्यांनी सांगितले, पण ते मी ऐकून घेतले नाही. मी सुकन्याचा दंड धरला तो सोडलाच नाही. पायऱ्या तशाच चढलो. फोटोच्या वेळी तिथल्या बाबूने एकेकीने पुढे या म्हटले, आम्ही दोघी पुढे गेलो. त्याने विचारले, आजीला चक्कर येते का. सुकन्या म्हणाली, "न्हाई, बैठक चालू हाय." त्याने आम्हा दोघींकडे पाहिले आणि निमूटपणे माझा अंगठा घेतला.

सबब कारखाना, त्याची जागा, खोल्या आणि मशीन यांचा या मृत्युपत्रात समावेश नाही. आज दुपारपासून ते माझे नाही, आणि जे माझे नाही ते मी कोणाला देणार? कलम आठमधला माल पोचवायची जबाबदारी सुकन्याने नोंदणीच्या वेळी आपणहून स्वतःवर घेतली.

मृत्युंजयला मी तिथूनच फोन केला. मला आधी विचारायचे तरी, असे तो म्हणाला. मी म्हटले, विचारले असते तर तू भाव सांगितला असतास. मग त्याने विचारले की ईदला त्याच्या साहेबांसाठी दरवर्षी शेवया जातात त्या या वर्षी जातील ना. मी सांगितले, मालकिणीला विचार. त्याने लगेच तिला फोन लावला. वहिनी म्हणाला, आणि बऱ्याच वर्षांनी तिची तब्येत विचारली.

कलम १०. माझा पगार.

हे कलम सकाळी ठरलेले नव्हते. परत येऊन आम्ही वकीलबाईंच्या खोलीत बसलो, तेव्हा सुकन्याने लातूरच्या कंपनीला फोन केला. मी पंख्याकडे बघत होते. ती म्हणाली की मी नोकरीला येऊ शकत नाही, पण तुम्हाला शेवया लागत असतील तर आम्ही पुरवू, पैसे आधी आणि पुरे. तिकडून त्यांनी काय म्हटले ते ऐकू आले नाही. सेठने मात्र मांडीवर थाप मारली.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"आत्याबाई, उद्यापासून पहाटे उठायचं न्हाई. दहाला यायचं, सोजी बघायची, पाचला बंद. पगार मिळंल."

मी आधी हसले. मग माझ्या लक्षात आले की ती खरेच सांगून राहिली आहे. गिरणीत मी मालकांच्या बरोबरीने पीठ खाल्ले, पण गल्ल्याला त्यांचा हात लागायचा. पुढे गल्ला माझा झाला, तर त्यातून कधी सोजी घेतली, कधी फी भरली, कधी दवाखाना केला. काम केले म्हणून कोणी माझ्या हातावर पैसे ठेवले आहेत, असे चौऱ्याहत्तर वर्षांत कधी झाले नाही. मी म्हटले, पगार घेईन, पण महिनाअखेर नाही. आधी, पुरा, आणि कोणी उठायच्या आत.

तिने फोन काढला. मी म्हटले, टिंग नको, नोटा पाहिजेत. मग तिने पर्स उलटी केली. थोडे कमी पडले, ते वकीलबाईंना टिंग करून त्यांच्याकडून रोख घेतले आणि पुरे केले. मी सगळ्यांसमोर नोटा मोजल्या आणि चोळीत ठेवल्या.

कलम ११. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाई ऋतुजा यांनी करावे. त्यांची फी कलम चारमधल्या ठेवींतून द्यावी, वायदा करू नये.

कलम १२. या मृत्युपत्रात न लिहिलेली माझी दुसरी कोणतीही मालमत्ता पुढे निघाल्यास ती मृत्युंजय आणि सुकन्या यांनी निम्मी निम्मी घ्यावी. कलम दहामधला पगार मात्र मालमत्तेत धरू नये आणि कोणाच्या नावे लिहू नये. तो मी खर्च करणार आहे.

वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. मला तो पटला, आणि दोन ठिकाणी हसूही आले. राजीखुशीने सही करते. मी शाळा औरादला कानडीत शिकले, त्यामुळे सही कानडीत आहे, ती माझीच आहे.

लिहून देणार: सिद्धम्मा भ्र. भीमाशंकर कपिकेरे (सही)

आम्ही खाली सही करणार साक्षीदारांनी सदर बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले, व त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर, कोणीही जागेवरून न उठता, आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: हाजी नुसरतुल्ला अताउल्ला शेख, व्यापारी, इतवारा, नांदेड (सही)

साक्षीदार २: डॉ. आनंदराज ढवळे, उदगीर (सही). लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीत आहेत. पाटी सरळ करून घेत आहे.

स्थळ: उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक: १२ जानेवारी २०२६, सोमवार